लाकडावरचा थर : चाकूरचे माळवद आणि तापती जमीन

थंड देशांतील घरबांधणीत अलीकडे एक प्रश्न वारंवार पुढे येतो. घराची जमीन लाकडी फळ्यांची आहे. त्या फळ्यांखाली उष्ण पाण्याच्या नळ्या किंवा विजेच्या तारा घालून खोली उबदार ठेवण्याची योजना आहे. आणि घरच्या मंडळींना त्या लाकडावर गालिचा अंथरावयाचा आहे. तो अंथरावा की अंथरू नये? विलायतेत, जर्मनीत किंवा अमेरिकेच्या उत्तर भागांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही हा प्रश्न पडतो. प्रथमदर्शनी तो आपल्या मुलखाला सर्वस्वी परका वाटेल. जेथे उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर चढतो, तेथे पायाखालून ऊब घेण्याची कल्पना कोणाला सुचावी? तथापि प्रश्नाचे वरचे कवच बाजूला केले, तर आत जे उरते ते मराठवाड्यातील गवंडी व सुतार यांच्या चांगल्या परिचयाचे आहे. लाकडावर काय घालावे, किती जाड घालावे, आणि घातल्यानंतर उष्णतेचे व खालच्या लाकडाचे काय होते, हाच तो प्रश्न होय. चाकूर आणि त्याच्या आसपासची गावे यांनी त्याचे आपले असे उत्तर कित्येक पिढ्या वापरले, आणि त्या उत्तराची किंमतही या प्रदेशाने एका पहाटे मोजली.

चाकूर हे लातुराहून अहमदपुरावरून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव आहे. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत असे. सांप्रतचा लातूर जिल्हा १९८२ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. बालाघाटाच्या या पठारावर पाऊस बेताचा पडतो, उन्हाळा कडक असतो आणि हिवाळ्याच्या रात्री बऱ्यापैकी गार असतात. कोकणात उतरते कौलारू छप्पर आवश्यक असते, कारण तेथे पावसाला वाट करून द्यावी लागते. येथे पावसापेक्षा उन्हाची चिंता मोठी. म्हणून येथील जुन्या घराला सपाट छप्पर असते. त्याला माळवद म्हणतात. कित्येक ठिकाणी धाबे असेही म्हणतात.

माळवदाची रचना वरून दिसते तितकी साधी नाही. प्रथम लाकडी खांब उभे करावयाचे. चार खांबांमधील जागेला खण म्हणतात, आणि घर किती खणांचे आहे यावरून घरमालकाची ऐपत ओळखली जाई. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, आणि कड्यांवर फळ्या अगर चिरफळ्या दाटीने बसवीत. सधनांच्या वाड्यांत हे सर्व लाकूड सागवानी असे. साध्या घरांत बाभूळ व कडुनिंब यांवर काम भागे. फळ्यांवर पाला किंवा गवत यांचा पातळ थर देऊन त्यावर माती टाकीत आणि ती चोपून बसवीत. ही माती शेतातील काळी नसे. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाने भेगाळते. छपराला ती कुचकामाची. म्हणून गावठाणातील पांढरी माती आणीत. पाणी वाहून जावे म्हणून माळवदाला किंचित उतार आणि कडेला पन्हळी ठेवीत. उजेडासाठी व धूर जाण्यासाठी झरोके राखीत.

जेथे घराला माडी असे, तेथे हीच रचना खालच्या माजघराचे छप्पर आणि वरच्या खोलीची जमीन अशी दोन्ही कामे करी. फळ्यांवर माती, मातीवर शेणाचे सारवण, आणि सारवलेल्या भुईवर बसावयास घोंगडे किंवा सतरंजी. म्हणजे लाकडी जमिनीवर थर घालण्याचा प्रकार या मुलखाला नवा नाही. फरक इतकाच की येथे पहिला थर लोकरीचा नसून मातीचा असे, आणि तो ऊब आणण्यासाठी नसून ऊन अडविण्यासाठी असे.

मातीचा हा थर ऊन कसे अडवितो हे समजून घेण्यासारखे आहे. तो उष्णता पूर्णपणे रोखीत नाही. तिला उशीर लावतो. भर दुपारी माळवदाचा पृष्ठभाग पाय टेकविता येणार नाही इतका तापतो. ती उष्णता मातीत हळूहळू खाली उतरू लागते. परंतु हात-दीड हात जाडीच्या थरातून फळ्यांपर्यंत पोहोचण्यास तिला कित्येक तास लागतात. तोपर्यंत सूर्य मावळलेला असतो, वरचा वारा गार झालेला असतो आणि थरातील बरीचशी उष्णता उलट आकाशाकडे निघून जाते. दुपारी माजघर थंड राहते ते याच कारणाने. उन्हाळ्यात घरची माणसे दिवसा माळवदाखाली बसत आणि रात्री माळवदावर निजत. हिवाळ्यात हाच थर घरातील चुलीची ऊब रात्रभर आत धरून ठेवी. एकाच मातीने दोन ऋतूंचे काम केले.

त्या मातीवर जे अंथरूण पडे त्याचे काम निराळे होते. धनगरांनी विणलेले घोंगडे अंगावर घेता येई, खाली घालता येई आणि पावसात डोक्यावर ओढता येई. कार्यप्रसंगी ढेळजेत किंवा ओसरीवर जाजम अंथरीत. प्रतिष्ठित घरी लोड-तक्क्यांची बैठक असे. गालिचा ही श्रीमंतांची वस्तू. हैदराबाद संस्थानातीलच वरंगळ हे गालिच्यांच्या विणकामाचे जुने केंद्र होते, आणि १८५१ मध्ये लंडनला भरलेल्या महाप्रदर्शनात वरंगळचे गालिचे मांडले गेले होते. परंतु घोंगडे असो की गालिचा, दख्खनच्या घरात ही सर्व अंथरुणे उचलता येण्याजोगी असत. पाहुणे गेले की जाजमाची घडी होई; सारवण्याच्या दिवशी भुई उघडी होई. अंथरूण भुईला कायमचे चिकटविण्याची चाल येथे नव्हती, आणि त्यामुळे अंथरुणाखाली काय चालले आहे हे घरच्या बायकांना नेहमी ठाऊक असे. वाळवीची माती किंवा ओलीचा डाग प्रथम त्यांच्याच नजरेस पडे.

आता ज्यांनी खरोखरच पायाखालून ऊब घेतली त्या लोकांकडे वळावयास हवे. यातील सर्वांत प्रसिद्ध रोमन होत. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात व्हिट्रूव्हियस या स्थापत्यकाराने त्यांच्या स्नानगृहांची रचना नोंदवून ठेविली आहे. जमिनीखाली आठ आठ इंची विटांचे दोन फूट उंचीचे बुटके खांब रचावयाचे, त्यांवर दोन फुटी विटा आडव्या टाकावयाच्या आणि त्यांवर फरशी करावयाची. बाहेरच्या भट्टीतील ज्वाळा व धूर या पोकळीतून खेळत आणि वरची फरशी तापे. या योजनेला हायपोकॉस्ट असे नाव आहे. पुढे पश्चिम आशियातील हमामांनी हीच कल्पना उचलली, आणि मुसलमानी अमदानीत हमाम हिंदुस्थानात आले. मराठवाड्यात दौलताबादच्या किल्ल्यात शाही हमामाची इमारत आजही उभी आहे. काश्मिरात तर हमाम केवळ स्नानापुरता राहिला नाही. तेथील मशिदींत आणि कित्येक घरांत दगडी लाद्यांची एक खोली असते, लाद्यांखाली लाकडे जाळतात आणि वर माणसे हिवाळाभर बसतात.

या सर्वांहून कोरियाचे उदाहरण प्रस्तुत विषयाला अधिक जवळचे आहे, कारण कोरियातील माणूस आपल्याप्रमाणेच जमिनीवर बसणारा व जमिनीवर निजणारा. तेथील जुन्या घरात चुलीचा धूर जमिनीखालच्या नाळींतून पलीकडच्या धुराड्याकडे नेत. नाळींवर सपाट दगड, दगडांवर मातीचा लेप, आणि लेपावर तेल पाजलेला जाड कागद. या जमिनीला ओन्दोल म्हणतात. चुलीजवळची जागा सर्वांत उबदार, म्हणून ती वडीलधाऱ्यांची. परंतु त्याच घरात दुसरीही एक जागा असते. तिचे नाव मारू. ती लाकडी फळ्यांची, जमिनीपासून उचललेली, खालून वारा खेळणारी आणि उन्हाळ्यात बसावयाची. ऊब हवी तेथे दगड व माती, गारवा हवा तेथे लाकूड, अशी कोरियन सुताराने सरळ वाटणी केली. त्याने लाकडाखाली विस्तव घातला नाही, आणि तापत्या दगडावर जाड बिछायत कायमची पसरली नाही.

रोम, काश्मीर व कोरिया हे एकमेकांपासून शेकडो कोस दूर; तथापि तिघांचे साहित्य एकाच जातीचे निघाले. दगड, वीट, माती, आणि वर पातळ आच्छादन. यात योगायोग नाही. दगडातून उष्णता जितक्या सहज जाते तिच्या दशांशानेही ती लाकडातून जात नाही, आणि लोकरीत अडकलेल्या हवेतून तर त्याहूनही पुष्कळ कमी जाते. घोंगडे अंगावर घेतले असता ऊब देते असे आपण म्हणतो. वास्तविक ते ऊब देत नाही, शरीराची ऊब बाहेर जाऊ देत नाही. तेच घोंगडे विस्तव आणि माणूस यांच्या मध्ये टांगले, तर ते माणसाला ऊब मिळू देणार नाही.

विसाव्या शतकात जुन्या विद्येने नवे रूप घेतले. अमेरिकन स्थापत्यकार फ्रँक लॉइड राइट हे १९१४ च्या सुमारास टोकियोस गेले असता तेथील एका सरदाराच्या घरी कोरियन पद्धतीची तापती खोली त्यांच्या अनुभवास आली. १९३७ मध्ये मॅडिसन शहरी त्यांनी बांधलेल्या जेकब्स यांच्या घरात काँक्रीटच्या जमिनीखाली उष्णतेच्या नळ्या घालण्यात आल्या. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटाउन येथे जी हजारो स्वस्त घरे उभी राहिली, त्यांतही काँक्रीटच्या लादीत तांब्याच्या नळ्या पुरलेल्या होत्या. पुढे तांब्याची जागा प्लॅस्टिकच्या नळ्यांनी घेतली आणि युरोपात ही योजना घरोघर पोहोचली. मात्र युरोपीय गृहस्थाला पायाखाली लाकूड प्रिय, आणि इंग्रज गृहिणीला त्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत ठोकून बसविलेला गालिचा प्रिय. कोरियाने जे वेगळे ठेविले होते ते येथे एकावर एक रचले गेले.

त्याचा परिणाम काय होतो हे आता मोजून सांगता येते. कापडाची ऊब धरण्याची शक्ती मोजण्यासाठी १९४० च्या दशकात मँचेस्टरच्या शर्ली संस्थेत टॉग नावाचे एक माप ठरविण्यात आले. आकडा जितका मोठा तितका उष्णतेला अडसर मोठा. तापत्या जमिनीवर गालिचा व त्याखालचे अस्तर मिळून अडीच टॉगांच्या वर जाऊ नये, असा ब्रिटनमधील सर्वसाधारण दंडक आहे. युरोपीय मानकाची मर्यादा त्याहून कडक, म्हणजे जमिनीवरील सर्व आच्छादनासाठी सुमारे दीड टॉग, इतकी आहे. आता अठरा मिलिमीटर जाडीची लाकडी फळी स्वतःच एक ते दीड टॉगांचा अडसर करते. म्हणजे गालिचा येण्यापूर्वीच मर्यादेचा मोठा भाग लाकडाने खर्च केलेला असतो. त्यावर नमद्याचे जाड अस्तर आणि दाट लोकरीचा गालिचा घातला, तर खालची उष्णता वर येत नाही. तिला वर आणण्यासाठी पाणी अधिक तापवावे लागते. आधुनिक उष्णता-पंप पस्तीस ते पंचेचाळीस अंशांच्या कोमट पाण्यावरच काटकसरीने चालतात, आणि पाणी जसजसे अधिक तापवावे तसतसा विजेचा खर्च वाढत जातो.

खर्चापेक्षा लाकडाची हानी अधिक गंभीर आहे. लाकडाच्या पृष्ठभागाची उष्णता सत्तावीस अंशांपलीकडे जाऊ देऊ नये असे लाकडी जमिनी करणारे सांगतात. उघड्या फळीला हे पाळता येते, कारण ती आपली उष्णता खोलीला देऊन मोकळी होते. गालिच्याखाली झाकलेली फळी मोकळी होऊ शकत नाही. ती आतल्या आत तापते, तिच्यातील ओल आटते, ती आकसते, सांधे उघडतात, कधी फळी वाकते. हे सर्व झाकणाखाली घडते, म्हणून ते ध्यानात येते तेव्हा उशीर झालेला असतो. म्हणून जाणते कारागीर तीन गोष्टी सुचवितात. गालिचा हवाच असेल तर तो पातळ विणीचा असावा. खाली नमदा घालू नये, उष्णता जाऊ देणारे विरळ अस्तर घालावे. आणि शक्य तर तो सबंध खोलीभर न ठोकता उचलता येईल असा, बैठकीपुरताच ठेवावा. ही तिसरी सूचना म्हणजे जाजमाचीच चाल होय.

येथवर थराचा हिशेब केवळ उष्णतेचा झाला. परंतु लाकडावर घातलेल्या प्रत्येक थराचा दुसराही एक हिशेब असतो, आणि तो वजनाचा. गालिच्याचे वजन चौरस मीटरला दोन-तीन किलो. त्याची कोणी फिकीर करीत नाही. माळवदाची गोष्ट वेगळी. पावसाळ्यात कोठे गळले की पुढच्या वर्षी मृगापूर्वी त्यावर नवी माती टाकीत. जुनी माती काढण्याचे कष्ट कोण घेणार? असे वर्षानुवर्षे होत गेले आणि वीतभर मातीची हातभर, हातभराची दीड हात झाली. साठ सेंटिमीटर जाडीच्या मातीचे वजन चौरस मीटरला सुमारे एक टन भरते. दहा फूट लांब व दहा फूट रुंद अशा लहानशा खोलीवरही मग नऊ-दहा टन माती उभी असते. खाली निजणाऱ्याला तिचा गारवा जाणवे. तिचे ओझे जाणवत नसे. गळती थांबविणारी प्रत्येक टोपली त्या ओझ्यात भर घालीत होती. शिवाय ओलीने व वाळवीने कडीचे टोक पोखरले गेले, तरी भिंतीत दडलेले ते टोक कोणाच्या दृष्टीस पडत नसे.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूरच्या दक्षिणेस सुमारे चाळीस किलोमीटरवरील किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन आटोपून लोक नुकतेच झोपले होते. भूकंपाची तीव्रता ६.२ च्या आसपास होती. जगातील मोठ्या भूकंपांच्या तुलनेने ती मध्यम म्हणावी लागेल. तरीही लातूर व उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसे मृत्युमुखी पडली. नंतर तज्ज्ञांनी पडक्या घरांची पाहणी केली तेव्हा कारण स्पष्ट झाले. भिंती दोन-तीन फूट जाडीच्या, पण ओबडधोबड गोट्यांच्या व चिखलात रचलेल्या होत्या. आतला व बाहेरचा पदर यांना जोडणारे लांब दगड त्यांत नव्हते. हादऱ्यासरशी पदर सुटले, भिंती फुटल्या आणि जेथे तुळया भिंतींवर टेकल्या होत्या तेथे माळवद सगळ्या मातीनिशी खाली आले. दगडाखाली जे वाचले असते त्यांना मातीने श्वास घेऊ दिला नाही.

मात्र त्या पाहणीत आणखी एक गोष्ट आढळली, आणि ती येथील जुन्या सुतारांचा मान राखणारी आहे. ज्या घरांत खणांची पद्धत नीट पाळलेली होती, म्हणजे माळवदाचा भार भिंतींवर न टाकता लाकडी खांबांवर घेतलेला होता, तेथे भिंती ढासळल्या तरी लाकडाचा सांगाडा कित्येकदा उभा राहिला. दोष लाकडाचा नव्हता. लाकडाला काय पेलवते हे विचारण्याची चाल मोडली आणि वरच्या थराचीच काळजी होत राहिली, हा दोष होता.

भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसनाचे मोठे काम झाले. बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, आणि ज्या गावांत घरे उभी होती तेथे ती बळकट करण्याचे उपाय शिकविण्यात आले. भिंतींना जोडदगड घालावेत, खांब व तुळया यांच्या कोनांत तिरके आधार द्यावेत, आणि माळवदावरील माती कमी करावी, असे ते उपाय होते. परंतु धास्ती इतकी बसली होती की अनेकांनी माळवदच उतरविले आणि त्या जागी पत्रे घातले किंवा काँक्रीटची गच्ची केली. पत्र्याखाली माणूस भूकंपाला भीत नाही. मात्र वैशाखातील दुपार त्याला असह्य होते, कारण पत्रा उष्णतेला क्षणाचाही उशीर लावीत नाही. एका भीतीतून सुटताना थराचे सारे ज्ञानही टाकून दिले गेले. वास्तविक पातळ मातीखाली पाणी न झिरपणारा कागद किंवा मेणकापड घातले असते, तर गळतीपायी दरसाल माती वाढविण्याचे कारण उरले नसते, गारवाही बराचसा राहिला असता आणि ओझेही आटोक्यात आले असते.

चाकूरकडचा सुतार आणि परदेशी घरात नवा गालिचा घेऊ पाहणारी मराठी गृहिणी यांची भेट होण्याचा संभव थोडा. तथापि दोघांना एकच गोष्ट सांगण्यासारखी आहे. लाकडावर काय घालावे हे वरच्या आवडीने ठरत नाही. ते खाली काय आहे यावरून ठरते. खाली उष्णता असेल तर तिला वाट हवी. खाली माणसे निजत असतील तर त्यांच्यावरील भार मोजलेला हवा. आणि जे घातले आहे ते अधूनमधून उचलून, खालचे लाकूड डोळ्यांनी पाहण्याची सोय हवी. सारवण्यासाठी भुई उघडी करणाऱ्या घरांना ती सोय आपोआप लाभत असे. आता ती ठरवून करावी लागेल. मराठवाड्यात जी माळवदे अजून उभी आहेत, त्यांच्या मालकांनी पुढच्या मृगापूर्वी वर नवी टोपली चढविण्याआधी जुन्या मातीची जाडी एकदा मोजून पाहावी आणि भिंतीत शिरणाऱ्या कड्यांची टोके उकरून पाहावीत. हे काम एका दिवसाचे आहे, आणि त्यास खर्च काहीच येत नाही.